शनीचा सम्राट लोकरीचा होता

कपडे धुवायच्या मशीनचं बटण फिरवणं हा माझ्या आयुष्यातला पहिला जबाबदार निर्णय होता. तो शेवटचाच ठरावा, अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे.

त्याआधी मी एकच मोठा निर्णय घेतला होता, कॉलेज सोडण्याचा. (बाप सगळ्यांना सांगतो, कॉलेजनं याला सोडलं. तपशिलाचा फरक.) तेव्हापासून हॉलिवूडजवळच्या बरबँक गावातल्या आमच्या घरात मागच्या खोलीत पडून मी मोठ्या माणसांचा तिरस्कार करायचं काम पूर्ण वेळ करत होतो. कामाला तोटा नव्हता. घरातच दोन मोठी माणसं होती.

त्यातला एक शनीचा सम्राट. माझा बाप, लोवेल टिबेट्स, १९४० साली बारा भागांच्या एका सिरियलमध्ये सम्राट झार्कोन झाला होता. दर शनिवारी दुपारी पोरांना थिएटरात एकेक भाग दाखवत. रॉकेट म्हणजे दोरीला टांगलेला हातभर लांबीचा डबा, शेपटीला फुलबाजी. शनी म्हणजे स्टुडिओमागची टेकडी. नीट बघितलं तर शनीवर विजेचे खांबही दिसायचे. त्यानंतर बारा वर्षं बाप दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकत होता. मधूनच गिऱ्हाइकाला सम्राटाचं ते गडगडाटी हसू हसून दाखवायचा. (म्हणूनच विक्री बेताची.)

आणि आता, बावन्न साली, स्टुडिओनं नवी सिरियल काढली. नवी म्हणजे जुनीच. स्फोट, पूर, उकळत्या लाव्हारसात पडणं, जे जे महाग ते सगळं जुन्या फिल्ममधून कापून घ्यायचं, आणि मधे मधे माणसं उभी करून बोलायला लावायची. त्यामुळे सम्राटाचा पोशाख तोच हवा आणि तो अंगावर तसाच बसायला हवा. या धंद्यात नटाच्या मापाचे कपडे शिवत नाहीत, कपड्यांच्या मापाचा नट शोधतात. चेहऱ्याचा प्रश्न नव्हता, डोक्यावर बंद शिरस्त्राण होतं. निर्माता गस हाफनर बापाला म्हणाला होता, सोमवारी सकाळी सातला ये. बसला पोशाख तर भूमिका तुझी. नाही बसला तर ज्याला बसेल त्याची.

तीन आठवडे बाप पपनसं आणि पनीर खाऊन जगला. (आम्हीही. सम्राट उपाशी तर प्रजाही उपाशी.) शुक्रवारी कपडेपटाच्या बाईंनी पोशाख घरी घालून बघायला दिला. मानेमागचा हुक लागला, तेव्हा बाप आरशासमोर उभा राहून रडला. मी दुसरीकडे बघितलं. रडणाऱ्या सम्राटाशी कसं वागायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

पोशाख माझ्या खोलीत टांगला, कारण वारा तिथेच येतो. त्याला बारा वर्षांच्या डांबरगोळ्यांचा आणि बापाचा असा मिळून वास येत होता. रविवारी दोघं चर्चला गेल्यावर मला वाटलं, चला, आयुष्यात एक चांगलं काम करू. मशीनमध्ये टाकला, पाण्याचं बटण 'अतिगरम'वर नेलं. मोठ्या माणसांची घाण साध्या पाण्यानं जात नाही, हे माझं राजकीय मत आहे.

आत सम्राट गेला, बाहेर राजपुत्र आला.

आई आधी परतली. डोक्यावरची हॅटही न काढता तिनं ते ओलं बोचकं उचललं.

"पाणी कसं होतं?"

"ओलं."

"गरम की गार, मर्ल?"

"कढत."

"अरे, लोकर आहे ती."

"मला काय माहीत? शनीवर मेंढ्या आहेत?"

तिनं पोशाख इस्त्रीच्या टेबलावर ताणून टाचण्यांनी ठोकला आणि वर माझ्या कॉलेजसाठी घेतलेल्या विश्वकोशाचे सगळे खंड रचले. आमच्या घरात ज्ञानाचा उपयोग झाला तो तेवढाच. दोन तासांनी एक बाही वाढली. एकच.

बाप चर्चमध्ये रेंगाळला होता. आपण परत सिनेमात चाललोय हे त्याला पाद्रीबाबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगायचं होतं. आल्यावर त्यानं टाचण्या काढून पोशाख चढवायला घेतला. तो गुडघ्यांशी अडला. मग बाप मशीनवर टेकला आणि बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत बसला, जणू चूक त्याची होती. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं तयार असतात.

"तू घाल," तो म्हणाला.

"मी?"

"घाल म्हणतो ना."

मी घातला. ती एक बाही सोडली तर शिवून घेतल्यासारखा बसला. बापानं माझ्याभोवती एक फेरी मारली. "मी अगदी असाच दिसायचो," तो म्हणाला. "फक्त सरळ उभा राहायचो."

मग लंगडणं आलं. चाळीस साली शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी बाप राजवाड्याच्या पुठ्ठ्याच्या पायरीवरून पडला होता. घोटा बरा होईपर्यंत थांबायला स्टुडिओकडे वेळ कुठला? म्हणून सम्राट बाराही भाग लंगडतो, म्हणजे नव्या सम्राटालाही लंगडणं आलं. दुपारभर परसात माझ्यासमोर उभा राहून बाप लंगडत होता. "माझ्याकडे बघ आणि अगदी तस्संच कर." मी अगदी तस्संच केलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं. हे लक्षात ठेवा.

सोमवारी हाफनरनं मला शिरस्त्राण चढवलं, चालायला लावलं आणि म्हणाला, "मापात आहे. हाच." बाप टोपी हातात घेऊन दाराशी उभा होता, विक्रेते उभे राहतात तसा. मला का कोण जाणे ते सहन झालं नाही. मी म्हणालो, सम्राटाचा आवाज याचा आहे, हसू याचं आहे, हा नसेल तर मी हे आत्ता काढून फेकतो. बाणेदार भाषण होतं. शिरस्त्राणातून फक्त 'घूं घूं' बाहेर आलं.

"काय म्हणतोय हा?" हाफनरनं विचारलं.

"आवाज माझा घ्या म्हणतोय," बाप म्हणाला.

हाफनरनं खांदे उडवले. त्यानंतर सहा आठवडे मी तोंड बंद ठेवून हातवारे केले आणि बाप पुठ्ठ्याच्या खडकामागून बोलला. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर चालतं तेच, फक्त कॅमेऱ्यासमोर.

पहिला भाग लागला त्या शनिवारी बापानं पाद्रीबाबांसकट निम्मं चर्च थिएटरात आणून बसवलं. पडद्यावर सम्राट सिंहासनावरून उठला आणि डाव्या पायानं लंगडत दाराशी गेला. (मी.) दारातून बाहेर पडला तो उजव्या पायानं लंगडत. (बाप, १९४०.) परत आत आला, डावा. समोरासमोर उभं राहून शिकवलं की शिकवणाऱ्याचा उजवा तो शिकणाऱ्याचा डावा, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पोरांच्या डोक्यात मिनिटाभरात आलं. पुढच्या रांगा तालात ओरडू लागल्या, "डावा! उजवा! डावा!"

मी खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ जमिनीला टेकलो. तेवढ्यात शेजारी गडगडाट झाला. बाप हसत होता, ते सम्राटाचं हसू. सगळं थिएटर मागं वळलं. आवाज ओळखीचा होता. दिवे लागल्यावर पोरांनी त्याला गराडा घातला, तिकिटांवर सह्या घेतल्या आणि पुन्हा पुन्हा हसायला लावलं.

पाद्रीबाबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे चिरंजीव हल्ली काय करतात?

सही संपवून बाप म्हणाला, "बापाच्या पावलावर पाऊल टाकतोय. फक्त पाय चुकीचा."