थोरले साहेब खाली उतरतात

समजा, भर दुपारी तुम्ही वाचनालयात अगदी एकटे बसला आहात. खिडक्यांना जाड पडदे, काचेच्या कपाटांत पुस्तकांच्या रांगा, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक जुनापुराणा कॉम्प्युटर घरघरतो आहे. स्क्रीनवर माणसांचे फोटो आहेत. वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत चार. तुम्ही सहज माउसचा बाण पाचव्या फोटोवर नेता. आणि त्या फोटोतला माणूस तिथून नाहीसा होतो. तो खालच्या ओळीत, अगदी डावीकडे जाऊन उभा राहतो आणि तिथून तुमच्याकडे पाहतो. तुमचा हात जरा थरथरला, की पुन्हा वर. पुन्हा थरथरला, की पुन्हा खाली.

आता खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?

ग्रंथपालांनी शेजारचं वर्तमानपत्र उचललं, स्क्रीनवर टाकलं, बाहेर व्हरांड्यात गेले आणि फोन लावला.

फोन वाजला तो आत्याच्या घरी. आत्या वेबसाइट बनवत असे. नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि वाचनालयाची वेबसाइट हे तिचं पहिलंच काम. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तिची दहा वर्षांची भाची पट्टी घेऊन नकाशा काढत होती. गालावरच्या तिळामुळे सगळे तिला ठिपकी म्हणत.

"मॅडम, थोरले साहेब खाली उतरतायत," ग्रंथपाल म्हणाले.

"कुठून?"

"वरच्या ओळीतून. थेट माझ्या जागेवर! मला बाजूला सारतात आणि तिथे उभे राहतात."

आत्याने श्वास रोखला. थोरले साहेब म्हणजे आधीचे ग्रंथपाल. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. 'आमची माणसं' या पानावर वरच्या ओळीत होऊन गेलेले पाच ग्रंथपाल होते, त्यांत हे शेवटचे. खालच्या ओळीत सध्या काम करणारे चौघे, आणि त्यांत पहिला फोटो फोनवर बोलणाऱ्या ग्रंथपालांचा.

आत्याने आपल्या लॅपटॉपवर ते पान उघडलं. बाण पाचव्या फोटोवर नेला. फोटोभोवती बारीक काळी चौकट उमटली. शोभेसाठी तीच ठेवली होती तिने. साहेब जागचे हलले नाहीत.

"माझ्याकडे तर व्यवस्थित दिसतंय," आत्या म्हणाली.

हे वाक्य वेबसाइट बनवणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी म्हणतो, आणि त्याचा आजवर कोणालाही काडीचा उपयोग झालेला नाही.

"तुमच्याकडे कशाला उतरतील?" ग्रंथपाल म्हणाले. "तुमची खुर्ची थोडीच त्यांची होती! ऐका, चार वाजता काकू येतायत. साहेबांच्या पत्नी. मुद्दाम हे पान बघायला. त्यांच्यासमोर साहेब असे वरखाली करायला लागले, तर मी काय तोंड दाखवू? चारपर्यंत थांबवा त्यांना. नाहीतर मी वायर उपटतो आणि ती वेबसाइटही नको आणि काही नको."

दोन वाजता आत्या आणि ठिपकी वाचनालयात पोचल्या. साफसफाईसाठी त्या दिवशी वाचनालय बंद होतं. पुढच्या दालनात चिटपाखरू नव्हतं. फरशीवर पावलं टाकली की कपाटांमागून कोणीतरी तशीच पावलं परत टाकत होतं. ठिपकीने आत्याचा हात पकडला.

ग्रंथपाल दारातच उभे होते. "तुम्ही व्हा पुढे. मी इथून बघतो."

आत्याने वर्तमानपत्र उचललं. ठिपकीच्या अंगावर सरसरून काटा आला. पाचव्या फोटोची जागा रिकामी होती. थोरले साहेब खाली, डाव्या कोपऱ्यात उभे होते. फोटोतले ग्रंथपाल त्यांच्या उजवीकडे, जरा आक्रसून. अर्धा तास माउसला कोणी हात लावला नव्हता, पण साहेब वर गेलेच नव्हते.

"हा कॉम्प्युटर किती जुना आहे?" आत्याने विचारलं.

"माझ्या आधीपासूनचा. बदलता येत नाही हो, पुस्तकांची सगळी नोंद ह्याच्यातच आहे."

आत्याने बाण बाजूला नेला. साहेब वर गेले. मग तिने मुद्दाम बाण पहिल्याच फोटोवर नेला. तिथे मोठ्या पगडीवाले, सगळ्यांत जुने ग्रंथपाल होते. चौकट त्यांच्याभोवती आली, पण खाली उतरले ते थोरले साहेबच! दुसऱ्या फोटोवर नेला, तरी तेच. तिसऱ्यावर, चौथ्यावर, तरी तेच.

"बघा!" दारातून आवाज आला. "बोट कोणाकडेही दाखवा, येतात हेच. मी त्यांची खुर्ची बदलली ना, गादीवाली आणली, ते आवडलेलं नाही त्यांना."

"खुर्चीचा काही संबंध नाही," आत्या म्हणाली. पण तिचाही आवाज थोडा खाली आला होता.

आता वेबसाइटच्या पानावर प्रत्येक वस्तू एका अदृश्य खोक्यात बसलेली असते. कोणत्या खोक्याने कुठे बसायचं, केवढी जागा घ्यायची, हे एका यादीत लिहितात. त्या यादीला म्हणतात सीएसएस. पान काही बिघडलं, की ती खोकी दिसावीत म्हणून आत्या नेहमी एक युक्ती करी: सगळ्या खोक्यांना लाल चौकट लावायची. तिने लॅपटॉपवर तसं लिहिलं, पान पाठवलं आणि जुन्या कॉम्प्युटरवर पुन्हा उघडलं.

सगळे नऊ जण लाल चौकटीत आले. थोरले साहेब आता बाण न नेताच खाली उभे होते. त्यांनी खालच्या ओळीला असं रेटलं होतं, की शेवटचा माणूस ओळीतून निसटून तिसऱ्या ओळीत, एकटाच, तळाला जाऊन पडला होता.

"बाइंडर!" ग्रंथपाल ओरडले. "बाइंडर गेले!"

बाइंडर मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवत बसले होते. ग्रंथपाल धावत तिकडे गेले.

"बाइंडर, बरे आहात ना?"

"बराय की. का हो?"

"छातीत वगैरे काही?"

"सुई टोचलीय बोटात."

"बाहेर या. एकटं बसू नका," असं म्हणून ग्रंथपाल त्यांना दंडाला धरून घेऊनच आले.

आत्याने घाईघाईने लाल चौकटी काढल्या आणि पान पुन्हा उघडलं. जुन्या स्क्रीनवर लाल चौकटी होत्या तशाच. तिने लॅपटॉप तपासला. यादीत लाल रंगाचं नावसुद्धा नव्हतं.

"काढलंय मी," आत्या म्हणाली.

"मग हे काय आहे?" बाइंडरांनी तळातल्या स्वतःकडे बघत विचारलं.

कॉम्प्युटर घरघरत राहिला. लाल चौकटीतले थोरले साहेब शांतपणे चौघांकडे बघत होते.

"हं," आत्या म्हणाली. "हा दर वेळी मला विचारत नाहीये. आधी आणून ठेवलेली प्रतच दाखवतोय." तिने दोन बटणं एकदम दाबून कॉम्प्युटरला नवी प्रत आणायला दरडावलं, तेव्हा कुठे लाल चौकटी गेल्या आणि बाइंडर आपल्या ओळीत परत आले. त्यांनी सुस्कारा सोडला. साडेतीन वाजले होते.

"प्रत्येकाची रुंदी पानाच्या एक पंचमांश," आत्या पुटपुटत होती. "पाच जण, पाच भाग. बरोबर बसायलाच हवेत. मग पडतात कशाला?"

इतका वेळ ठिपकी तिच्यामागे लपून होती. पण लपून बसलं तरी डोळे काही मिटत नाहीत. तिने दप्तरातून पट्टी काढली, स्क्रीनजवळ गेली आणि पहिल्या फोटोला लावली.

"हात नको लावू गं!" ग्रंथपाल म्हणाले.

"काका, मी मोजतेय नुसतं. आत्या, आता बाण ह्या पगडीवाल्या आजोबांवर ने."

आत्याने नेला. थोरले साहेब खाली उतरले. ठिपकीने तिकडे पाहिलंच नाही. ती पट्टीकडेच बघत होती.

"आत्या, साहेबांचं काही नाहीये. पगडीवाले आजोबा जाड होतात."

"फोटो कसा जाड होईल?"

"काळी चौकट येते ना, ती फोटोच्या बाहेरून येते. डावीकडे एवढुशी, उजवीकडे एवढुशी. जाड होतात पहिले, आणि पडतात पाचवे."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. तिने कपाळावर हात मारून घेतला. "माझा ब्राउझर चौकट आतल्या आत बसवतो. मी तसंच सांगितलंय त्याला. पण ह्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ती सूचना कळतच नाही. तो चौकट बाहेरून लावतो!"

"मला एक अक्षर कळलं नाही," ग्रंथपाल म्हणाले.

ठिपकीने भिंतीलगतचा बाक दाखवला. "काका, तुम्ही ह्या टोकाला बसा. मग आत्या, मग मी, आणि त्या टोकाला बाइंडरकाका. अगदी चिकटून हं."

चौघं बसली. बाक गच्च भरला. ठिपकीने बसताना उचलून आणलेले दोन जाडजूड शब्दकोश ग्रंथपालांच्या हातात दिले. "हे दोन्ही काखांत धरा."

ग्रंथपालांनी एक शब्दकोश धरला, दुसरा धरला, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाहून धप्प असा आवाज आला. बाइंडर जमिनीवर बसले होते.

"मी काय केलं?" बाइंडर म्हणाले.

"काहीच नाही," ठिपकी म्हणाली. "तुम्ही शेवटचे होतात एवढंच."

ग्रंथपालांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वेळाने रंग आला. "म्हणजे माझ्या खुर्चीवर राग नाही ना त्यांचा?"

"मग आता काय करायचं?" आत्याने ठिपकीला विचारलं. खरं तर तिला उत्तर सुचलं होतं, पण ठिपकीच्या तोंडून ऐकायचं होतं.

ठिपकीने विचार केला. "सगळ्यांनी आधीपासूनच शब्दकोश घेऊन बसायचं, आणि त्यासाठी आधीच थोडं बारीक व्हायचं. मग कोणी पडणार नाही."

आत्याने तेच केलं. प्रत्येक फोटो थोडा अरुंद केला आणि त्याला कायमची चौकट दिली, पण पानासारखीच पांढरी, म्हणजे असून न दिसणारी. बाण आला की फक्त तिचा रंग काळा व्हायचा, जागा तेवढीच राहायची. जुन्या कॉम्प्युटरला पुन्हा एकदा दरडावलं. बाण पहिल्यावर नेला, तिसऱ्यावर नेला, पाचव्यावर नेला. थोरले साहेब खांबासारखे स्थिर होते.

चार वाजले आणि दारात काकू आल्या. काठी भिंतीला टेकवून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. ग्रंथपाल पुढे झाले, "काकू, मी दाखवतो, माउस जरा असा..." पण काकूंनी माउस केव्हाच हातात घेतला होता, आणि हात चांगला सरावलेला दिसत होता.

त्यांनी बाण पगडीवाल्यांवर नेला आणि थांबल्या. मग दुसऱ्यावर नेला. मग तिसऱ्यावर. दर वेळी त्या खालच्या ओळीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत. तिथे गादीवाल्या खुर्चीतले ग्रंथपाल हसतमुखाने बसलेले होते.

"आले नाहीत," काकू म्हणाल्या.

खोली एकदम गार पडल्यासारखी झाली.

"कोण काकू?" ग्रंथपालांनी हळूच विचारलं.

"हे. घरी येतात ना! ह्यांचाच जुना कॉम्प्युटर आहे घरी. आठवडाभर रोज सकाळी हे पान उघडून बसते मी. ह्यांची सवय तुम्हाला ठाऊक नाही. दुसऱ्या कोणालाही हाक मारली, तरी आतल्या खोलीतून हेच उठून यायचे. 'मला बोलावलंस का?' शेजारच्यांना हाक मारा, दूधवाल्याला मारा, यायचे हेच. मी किती चिडायची! आणि आता बघा, पगडीवाल्यांवर बाण नेला, की हे लगेच खाली हजर."

ग्रंथपालांनी आत्याकडे पाहिलं. आत्या यादीकडे बघत होती.

"तो बिघाड होता, काकू," आत्या म्हणाली. "चौकट बाहेरून लागत होती. आम्ही आत्ताच बंदोबस्त केला."

"घरी पण?"

"घरी पण. आजउद्यात तिथेही नवं पान दिसायला लागेल."

काकूंनी मान हलवली. माउस सोडला, हात पदरात घेतला. "बरं केलंत. वाचनालयात शिस्त हवीच." मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "दोनतीनदा तर मी बाण कुठेच नेला नव्हता, तरी आले होते."

आत्याने यादी वरपासून खालपर्यंत चाळली. पण ह्याचं कारण तिच्यात नव्हतं. बाइंडर एक पाऊल ग्रंथपालांच्या जवळ सरकले.

"आत्या," ठिपकी म्हणाली, "एक वेगळं पान करता येतं का? ज्याचा पत्ता फक्त आजींना माहीत असेल असं?"

आत्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

ठिपकी स्टूल ओढून काकूंच्या शेजारी बसली. आत्या एकेक अक्षर सांगत गेली आणि तिने पानाची नवी प्रत केली. पांढऱ्या चौकटी पुसल्या, फोटो पुन्हा होते तेवढे रुंद केले आणि बाण आला की काळी चौकट बाहेरून लागेल असं केलं. ते पान तिने जुन्या कॉम्प्युटरवर उघडलं, माउस काकूंच्या हाताखाली सरकवला आणि हळूच म्हणाली, "आजी, आता हाक मारा त्यांना."

आणि मग तिने आपलं स्टूल हातभर मागे घेतलं.