सात पेडल आणि एक पंप

मंगळवार, दि. ९ जुलै, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. जेवणाच्या टेबलावर सात पेडल ओळीने मांडलेली होती आणि ताट ठेवायला वीतभरही जागा उरली नव्हती.

पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यात एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे जाते, आणि पायाने खटका दाबला की वाजवलेला आवाज वाटेतच आपले रूप पालटतो. या सातही डब्या दुकानदाराने शुक्रवारपर्यंत पारखायला दिल्या होत्या. पारखणारे गृहस्थ वीजमीटरांच्या तपासणी-प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. नात्यात आणि शेजारात सगळे त्यांना ‘तपासनीस’ म्हणत. बेस गिटार ते तीस वर्षे वाजवत आले होते, आणि तीही फक्त पत्नीच्या गाण्यामागे.

“अहो, जेवायचं कुठे?” पत्नीने विचारले.

“थांब जरा. आधी कोणती डबी आणि मागून कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. सातांच्या जोडण्या पाच हजार चाळीस होतात.”

“मग शनिवारपर्यंत उभ्यानेच जेवू या.”

शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. वाद्यवृंदात मूळचे पाच जण. त्यांतले कीबोर्डवाले लेकीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेले आणि जाताना शेवटच्या गाण्याचा प्राणच घेऊन गेले. ते गाणे कीबोर्डमधल्या सिंथच्या, म्हणजे विजेने घडवलेल्या, आवाजावर उभे होते: जाड, गोल, प्रत्येक स्वराला तोंड उघडून पुन्हा मिटणारा आवाज. ड्रम वाजवणाऱ्या मेहुण्याने यावर तोडगा काढला होता. “दाजी, लॅपटॉपवर सगळं आयतं मिळतं. सिंथही आणि बेसही. तुम्ही आपले समोर बसून निवांत ऐका.”

मेहुणा हे प्रेमाने बोलला, म्हणूनच ते अधिक लागले. पत्नी मंचावर आणि आपण खुर्चीत, हे चित्र तपासनिसांच्या डोळ्यांसमोरून हलेना. “शुक्रवारच्या तालमीत बेसमधूनच सिंथ काढून दाखवतो,” ते म्हणाले, “नाही जमलं तर आण तुझा लॅपटॉप.”

पाच हजार चाळीसांतल्या बहुतेक जोडण्या त्यांनी विचारानेच निकालात काढल्या. दोन डब्या आवाज खालच्या सप्तकात उतरवणाऱ्या. त्यांना स्वच्छ स्वर लागतो, म्हणून त्या सर्वांत आधी. तीन डब्या आवाज खरखरीत करणाऱ्या. पण त्या हळू आणि जोरकस यांतला फरकच पुसून टाकत, म्हणून बाद. उरलेल्या दोन फिल्टरच्या. स्वराचे तोंड उघडणे-मिटणे हे यांचे काम, आणि तार किती जोराने छेडली यावर ते तोंड किती उघडायचे हे ठरणार. म्हणजे जोर एकसारखा नसेल तर तुलनेला अर्थच उरत नाही.

बोटाचा जोर एकसारखा नसतो. हे ध्यानात येताच तपासनीस माळ्यावर चढले आणि जुन्या गाडीच्या वायपरची मोटर घेऊन उतरले. चार वाजेपर्यंत एक यंत्र तयार झाले. बेस लाकडी घोडीवर आडवा बांधलेला, आणि मोटरचा दांडा दर दोन सेकंदांनी, तसूभरही फरक न करता, तार छेडतो आहे. पत्नीने चहाचा कप खिडकीत ठेवला आणि यंत्राकडे पाहिले.

“याला चहा लागतो का?”

“चेष्टा करू नकोस. बोट लबाडी करतं. यंत्र करत नाही.”

बुधवारी सकाळी दार वाजले. तपासनिसांनी नियमाप्रमाणे आधी यंत्र बंद केले, मग दार उघडले. तळमजल्यावरच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या भिंतीला लागूनच इमारतीच्या पाण्याच्या पंपाची खोली, आणि ती खोली तपासनिसांच्या जेवणघराच्या नेमकी खाली.

“काका, तुम्ही यंत्रांतले जाणकार. जरा पंप ऐकता का? कालपासून घुम्म, घुम्म करतोय. माझ्या कपाटातली भांडी नाचताहेत.”

तपासनीस खाली गेले. पंप मुका होता. “आत्ता नाही येत,” बाई खजील होऊन म्हणाल्या. ते वर आले, यंत्र सुरू केले. दहाव्या मिनिटाला बाई पुन्हा दारात. पुन्हा यंत्र बंद, पुन्हा खाली, पुन्हा शांतता.

“तुम्ही म्हणता, आवाज दर दोन सेकंदांनी येतो आणि मधूनच थांबतो,” तपासनिसांनी हनुवटी चोळत निदान केले. “बेअरिंग. शंकाच नको. आजच उघडून घ्या.”

त्यांच्या शब्दाला इमारतीत वजन होते. दुपारी पंपवाला आला, पाणी बंद झाले, आणि चारही मजल्यांवर बादल्या भरून ठेवायची तारांबळ उडाली. तीन वाजता तपासनिसांना पुन्हा बोलावणे आले. या वेळी बोलावणारे तिघे-चौघे होते, सगळे एकदम बोलत होते, आणि त्या गडबडीत यंत्र बंद करायचे राहून गेले.

पंपवाला जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे फडक्यावर पंप सुटा पडला होता.

घुम्म. घुम्म.

“ऐका,” पंपवाला म्हणाला. “पंप माझ्यासमोर तुकड्यांत पडलाय. आणि तरी वाजतोय.”

तपासनीस मान कलती करून ऐकत राहिले. स्वर जाड होता, गोल होता. प्रत्येक वेळी तोंड उघडत होता आणि सावकाश मिटत होता. दुसऱ्या क्रमांकाची डबी आणि तिच्या मागे सहाव्या क्रमांकाचा फिल्टर. छताआडून ऐकल्याखेरीज ही जोडी सर्वांत सरस आहे हे त्यांना कधीच कळले नसते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले, आणि लगेच ओसरले.

“आवाज माझा आहे,” ते म्हणाले.

“तुमचा?” बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. “काका, तब्येत बरी आहे ना?”

सारे उलगडून सांगायला वेळ लागला. ऐकून घेताना बाईंच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. “म्हणजे तुम्ही स्वतःच आवाज करत होता, आणि स्वतःच येऊन बेअरिंग सांगत होता?” पंपवाल्याने पाना उचलला. “बेअरिंग ठणठणीत आहे,” एवढेच तो म्हणाला.

त्या संध्याकाळपासून घरात स्पीकर लावायला बंदी झाली. तपासनिसांना त्याचे फारसे दुःख नव्हते. जोडी ठरली होती, आणि फिल्टरची कळ नेमकी कुठे ठेवायची तेही यंत्राने ठरवून दिले होते.

शुक्रवारी तालमीला वाद्यवृंदात गिटार वाजवणारे दंतवैद्य दवाखान्यातून थेट आले होते. मेहुण्याने लॅपटॉप आणला होता, पण पिशवीतच ठेवला होता. शेवटचे गाणे सुरू झाले, तपासनिसांनी खटके दाबले, आणि तीस वर्षांच्या सवयीने तार छेडली.

फिल्टरचे तोंड उघडलेच नाही. उशीखाली दाबल्यासारखा एक स्वर आला आणि विरून गेला.

“दाजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “सिंथला सर्दी झालीय.”

“रूट कॅनाल करावं लागेल,” दंतवैद्यांनी मत दिले.

दुसऱ्यांदाही तेच. मेहुण्याने लॅपटॉप उघडला. त्यातून सिंथ असा निघाला की दोष काढायला जागा नव्हती. पत्नी गाऊ लागली. तिसऱ्या ओळीत एक स्वर तिला जरा अधिक वेळ धरावासा वाटला, तिने तो धरला. लॅपटॉप न थांबता पुढे निघून गेला.

“याला थांबायला सांग ना,” ती भावाला म्हणाली.

“ताई, तो नाही थांबत. तुलाच त्याच्या मागे जावं लागेल.”

तपासनीस बेस उतरवून ठेवत होते. ती त्यांच्याजवळ आली. “अहो, ते यंत्र किती जोरात मारत होतं. तुम्ही कधी असं वाजवलंय का?”

“नाही. पण प्रमाण म्हणून...”

“माझा आवाज बारीक. तो झाकू नये म्हणून तुम्ही पहिल्यापासून हळू छेडता. मला काय कळत नाही होय?”

तपासनिसांनी आपल्या बोटाकडे पाहिले. प्रयोगात सगळे मोजले होते. ज्याच्यासाठी मोजायचे ते बोट तेवढे बाजूला ठेवले होते. त्यांनी वाकून फिल्टरची कळ फिरवायला घेतली. या खेपेस यंत्र नव्हते. ती एक ओळ गाई, ते तार छेडत, कळ किंचित पुढे. सातव्या ओळीला स्वराने तोंड उघडले. तिने मुद्दाम स्वर लांबवला. तोही तिच्यासाठी थांबला. मेहुण्याने लॅपटॉप मिटला.

पाच डब्या दुकानदाराकडे परत गेल्या, दोन तपासनिसांनी विकत घेतल्या. शनिवारी सभागृह भरले होते. तळमजल्यावरच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. शेवटचे गाणे सुरू होताच त्या शेजारणीच्या कानाशी लागल्या, “हा आमचा पंप बरं का!” आणि गाणे संपल्यावर सर्वांत आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.

मग वाचनालयाचे चिटणीस आभार मानायला उठले. गायिकेचे, ड्रमवाल्याचे, दंतवैद्यांचे, बेसवाल्याचे आभार झाले. “आणि विशेष आभार,” आवाज चढवून ते म्हणाले, “पडद्यामागे राहून इतका सुंदर सिंथ वाजवणाऱ्या त्या अनामिक कीबोर्डवादकांचे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तपासनिसांनी सांगण्यासाठी तोंड उघडले, पत्नीकडे पाहिले, आणि फिल्टरसारखे सावकाश मिटले. ती ओठ दाबून हसत होती.

पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाची पत्रिका छापून आली आहे. तीत कलाकार पाच. मंचावर असतील चार.