नव्व्याण्णव टक्के नक्कल

सोमवारी सकाळी दहा वाजता विज्ञानाच्या बाईंनी एक बटण दाबलं आणि सव्वादहाला सातवीची एकोणचाळीस मुलं चोर ठरली. वर्गात मुलं चाळीस.

बटण शाळेनं नव्यानं घेतलेल्या ऑनलाइन गृहपाठाचं होतं. मुलांनी घरून उत्तर टाइप करून पाठवायचं, मग यंत्र त्यात नक्कल किती ते शोधणार आणि पालकांच्या मोबाइलवर आपणहून मेसेज धाडणार. हे समजावून सांगायला कॉम्प्युटरच्या सरांनी शिक्षकांना दोन तास प्रशिक्षण दिलं होतं. बाई हजर होत्या, पण मागच्या रांगेत बसून वह्या तपासत होत्या. बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हा कालचा पोरगा काय शिकवणार, असं त्यांचं मत होतं.

आता बाईंची पद्धत सांगायला हवी. बाई नोट्स देत. मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या, पाठ करायच्या आणि जशाच्या तशा लिहायच्या. एक शब्द इकडचा तिकडे झाला की अर्धा मार्क गेलाच. या शिस्तीवर त्यांच्या हाताखालून एकही मूल नापास होऊन गेलं नव्हतं. 'बाष्पीभवन म्हणजे काय?' याचंही उत्तर एकोणचाळीस मुलांनी मन लावून, बाईंनी दिलेलंच लिहिलं होतं. यंत्र बिचारं दुसरं काय म्हणणार?

साडेअकराला शिक्षकखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"माझ्या मुलानं कोणाची नक्कल केली, ते लेखी हवंय मला," वकील असलेले एक बाबा म्हणाले.

"अहो, त्यानं माझी केली!" बाई म्हणाल्या. "आणि काय सुरेख केलीय! दहापैकी दहा दिलेत मी."

"म्हणजे नक्कल केली म्हणून मार्क दिलेत?"

तिकडे एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन आयांची जुंपली होती. तुझ्या मुलीनं माझ्या मुलीचं बघितलं, नाही तुझ्याच मुलीनं माझ्या मुलीचं बघितलं, असं चाललं होतं. गेली सहा वर्षं दोघी रोज एकत्र फिरायला जात होत्या.

आवाज ऐकून मुख्याध्यापक आले. त्यांनी बाईंना दाराबाहेर घेतलं. "बाई, एक वाजेपर्यंत हे निस्तरा. नाहीतर सातवी मला दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावी लागेल."

सातवी म्हणजे बाईंचा जीव की प्राण होता. शाळेतले बाकी वर्ग त्या शिकवत. सातवी त्या सांभाळत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या सरांना "जरा बसता का माझ्याजवळ?" असं विचारलं.

"सोपं आहे, बाई," सर उत्साहानं म्हणाले. "तुमच्या नोट्स यात टाकू. त्या मूळ ठरल्या की मुलं सुटली."

नोट्स टाकल्या. सगळे पालक पडद्याकडे बघत उभे राहिले. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि लाल अक्षरांत दाखवलं: नक्कल, नव्व्याण्णव टक्के.

त्याच वेळी बाईंचा फोन वाजला. घाबऱ्या घाबऱ्या उचलताना स्पीकरवर बोट पडलं.

"काय गं," सासूबाईंचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. "तुझ्या शाळेतून मेसेज आलाय. आपल्या पाल्याच्या उत्तरात नक्कल आढळली आहे, कृपया भेटावे. मी येऊ का भेटायला?"

नोकरीच्या फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' म्हणून बाईंनी सासूबाईंचा नंबर दिला होता. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं.

"आई, नका येऊ. मी घरी आल्यावर सांगते."

"या वयात कॉपी करतेस? बरी आहेस ना?"

फोन ठेवताना बाईंना रडू येईल असं वाटलं. इतक्यात वकिलांनी रोखून विचारलं, "मग बाईंनी कोणाचं ढापलं?"

सरांनी आणखी एक बटण दाबलं. शाळेच्याच वेबसाइटवरचं पान उघडलं. वर मुख्याध्यापकांचा तरुणपणीचा फोटो आणि खाली, 'आमच्या सरांच्या निवडक नोट्स'. बाई याच शाळेत, याच सरांकडे विज्ञान शिकल्या होत्या आणि शिस्तीच्या होत्या.

"सरांच्याही टाकून बघू या का?" कॉम्प्युटरच्या सरांनी निरागसपणे विचारलं.

"काही गरज नाही!" मुख्याध्यापक इतक्या जोरात म्हणाले की पालक एक पाऊल मागे सरले. मग ते खाकरले. "म्हणजे, वेळ कशाला घालवायचा? मला सांगा, वर्गात शून्य टक्केवालं कोणीच नाही?"

होतं. एक मुलगी होती. तिच्या घरी मेसेजच न गेल्यामुळे तिचं कोणी आलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी तिचं उत्तर मोठ्यानं वाचलं. "ओला टॉवेल दोरीवर टाकला की त्यातलं पाणी कोणाला न सांगता हवेत निघून जातं. ऊन असलं तर लवकर जातं. त्याला बाष्पीभवन म्हणतात."

बाईंनी या उत्तराला दोन मार्क दिले होते, हे त्यांनी वाचलं नाही. मुख्याध्यापक उगाच मुख्याध्यापक झाले नव्हते.

"वा!" वकील म्हणाले. "मला आज कळलं बाष्पीभवन. हे असं शिकवा की सगळ्यांना."

"उद्यापासून सगळे असंच लिहितील," बाईंनी शब्द दिला. पालक शांत झाले, दोन्ही आया एका रिक्षानं गेल्या आणि सातवी बाईंकडेच राहिली.

बाई दिलेला शब्द पाळणाऱ्या होत्या. मंगळवारी पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्यांना वह्या काढायला लावल्या आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. "ओला टॉवेल... दोरीवर टाकला की..." चाळीस माना खाली गेल्या. बाई बाकांमधून फिरत होत्या. त्या मुलीपाशी येऊन थांबल्या.

"हे काय? टॉवेल सांगितला मी. तू चादर लिहिलीस."

"बाई, मी घरी परत विचार केला. चादर मोठी असते, वाळायला वेळ लागतो, मग नीट बघता येतं."

"खोड ते. दिलंय तसंच लिहायचं."

"पण बाई, ते उत्तर माझंच आहे ना?"

"होतं, बाळा," बाई मायेनं म्हणाल्या. "आता ते नोट्समध्ये गेलंय."