उपवासाला १५२० चालते काय?

माणूस काय खातो हे त्याच्या पोटाला ठाऊक असते, पण काय खात नाही हे साऱ्या समाजाला ठाऊक असावे लागते. हिंदी मुलखातील जयेंद्रगंजच्या मराठी मंडळाचा कारभार या तत्त्वावर अनेक वर्षे सुरळीत चालला आहे.

यंदा महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मीकांतरावांनी (छत्तीस वर्षे सरकारी नोकरी, निष्कलंक, कारण निर्णय एकही नाही) मंदाताईंच्या स्वयंपाकघरात केशराच्या अर्काची बाटली उचलून मागचे लेबल वाचले. मंदाताई मंडळाला दरवर्षी उपवासाचे श्रीखंड पुरवत. एकशे चाळीस वाट्या. तीस लिटर दही त्यांनी फडक्यात टांगूनही ठेवले होते. लेबलावर लिहिले होते : 'वाहक : १५२०'.

"हे काय असतं?" लक्ष्मीकांतरावांनी विचारले.

"मला काय माहीत? बीस साल झाले, हाच टाकते," मंदाताई म्हणाल्या. "चालतं की नाही, तेवढं आजच सांगा हं. दही थांबत नाही."

लक्ष्मीकांतरावांची सून श्रुती कंपू भागातल्या अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होती. तिने जेवता जेवता दोन मिनिटांत उलगडा केला. "बाबा, वास पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून तो यात विरघळवतात. हा खुद कुछ नहीं करता, फक्त पोहोचवतो. पेट्रोलियमपासून बनतो. यात प्राणी नाही, धान्य नाही. कायद्यानं ठरलेल्या प्रमाणात चालतो. बस, इतनी सी बात है."

स्वतः काही न करता फक्त पुढे पोहोचवणाऱ्या या पदार्थाबद्दल लक्ष्मीकांतरावांना एकदम आपुलकी वाटली. पण आपुलकीने निकाल देणे त्यांच्या रक्तात नव्हते. कायद्यात शाकाहाराला हिरवी खूण आहे, मांसाहाराला तपकिरी आहे. उपवासाला खूणच नाही! एवढ्या मोठ्या देशाचा कायदा साबुदाण्याबाबत मौन बाळगून आहे, हे ध्यानात येताच त्यांना त्या रात्री फार छान झोप लागली. सकाळी समिती स्थापन झाली. स्वतः ते, त्यांच्या पत्नी सुनंदाबाई आणि फौजी घराण्यातले मानसिंगराव.

पहिल्या बैठकीत समितीचे नाव ठरले. दुसरी बैठक महाशिवरात्रीलाच आल्यामुळे उपवासानिमित्त तहकूब झाली (त्या दिवशी मंडळाने उकडलेल्या रताळ्यांवर भागवले). तिसऱ्या बैठकीत मात्र विषयाला हात घातला गेला.

मानसिंगरावांनी तोफ डागली. "पेट्रोलियम म्हणजे करोडो वर्षांपूर्वी मेलेले समुद्रातले जीव. सीधी बात आहे, हा मांसाहार झाला."

"करोडो वर्षं झाली ना?" सुनंदाबाई म्हणाल्या. "मग त्यांचं सुतक केव्हाच फिटलं."

हा मुद्दा बिनतोड होता आणि तसा तो नोंदवला गेला. मग लक्ष्मीकांतरावांनी घसा खाकरून मूळ सिद्धांत मांडला : जे जमिनीखालून काढतात ते कंद. पेट्रोलियम जमिनीखालून काढतात. कंद उपवासाला चालतो.

"कांदाही जमिनीखालूनच निघतो," मानसिंगराव म्हणाले.

पेट्रोलियम बटाट्यात मोडते की कांद्यात, यावर पावणेदोन तास चर्चा झाली. पेट्रोलच्या भावाने डोळ्यांत पाणी येते, हा पुरावा कांद्याच्या बाजूने भक्कम होता. पण कांदा चिरताना येते ते पाणी आणि भाव ऐकून येते ते दुःख, असा सूक्ष्म भेद लक्ष्मीकांतरावांनी करून दाखवला आणि दोन विरुद्ध एक मतांनी बटाटा विजयी झाला. (दगडी कोळसा उपवासाला चालेल काय, हा विषय पुढील बैठकीवर ठेवला आहे.)

निर्णयाची प्रत घेऊन लक्ष्मीकांतराव स्वतः मंदाताईंकडे गेले. शिवरात्र होऊन पाच दिवस झाले होते. आयुष्यातला पहिला निर्णय हातात होता आणि आनंदाने त्यांचा ऊर भरून आला होता.

"मंदाताई, फैसला तुमच्या बाजूनं झाला!"

"बरं झालं," मंदाताई म्हणाल्या. "पण दही कबका आंबलं. टाकवेना, म्हणून सगळ्याची कढी केली. तीन दिवस अख्खी गल्ली पीत होती. मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. इतनी शरम आली मला. तुमच्याकडेही डबा धाडला होता."

"हो हो, उत्तम होती," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "त्यात तो अर्क नव्हता ना?"

मंदाताईंनी दार लावून घेतले.

लक्ष्मीकांतरावांचा आपल्याला राग आला असेल, तर तो योग्यच आहे. पण वाचकहो, तीस लिटर दही टांगलेले आहे आणि ते थांबत नाही, हे आपल्याला सुरुवातीलाच सांगितले होते. तरी पावणेदोन तास आपणही पेट्रोल कांदा की बटाटा, हेच ऐकत बसलात. समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करण्याची गरज नाही, आपली निवड झालेली आहे.