मलबा चाहिए

पांडुरंग वैरागडेनं नव्या घराच्या फाटकाला हिंदीत पाटी टांगली, 'मलबा चाहिए'. रायपुरात खड्डा भरायची हीच रीत. कुठं जुनं घर पाडलं की त्याचा राडारोडा घेऊन ट्रकवाला अशी पाटी हुडकतच फिरतो. त्याचा ट्रक रिकामा होतो, तुमचा खड्डा भरतो.

अभनपुर रोडवरची ती वसाहत काल-परवापर्यंत धानाची खोलगट बांधी होती. नकाशात बगीचा दाखवून प्लॉट विकणारा हरामखोर पसार झाला, शेताचे बांध-धुरे तसेच राहिले. पांडुरंगाची बायको वनमाला लकवा मारल्यापासून चाकाच्या खुर्चीत. ओसरीतून उतरायला त्यानं सिमेंटचा उतार बांधला होता, पण उतार संपला की चाक धुऱ्याला अडायचं आणि ती ओरडायची, "अहो, ढकला!"

त्या हाकेनं त्याचा जीव तुटायचा. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, छाती अधू, पोरगा नीलेश पुण्यात. उद्या आपण नसलो तर ही हाक ऐकणार कोण? तिनं एकटीनं फाटकापर्यंत जावं, भाजीवालीशी भांडावं, एवढंच त्याला डोळे मिटायच्या आत पाहायचं होतं.

पहिला ट्रक आला, थोडं अंगण भरलं. तेवढ्यात वनमालाला ताप चढला, दवाखान्यात भरती करावं लागलं. त्या धावपळीत पाटी तशीच राहिली.

ते परत आले तेव्हा ऑटोवाल्यानंच विचारलं, "अंकल, घर किधर है?"

घर ढिगामागं होतं. फुटक्या टाइल्स, संडासाची भांडी, कुणाच्या न्हाणीघराची अख्खी भिंत. शहरातल्या सगळ्या हौशी लोकांनी आपला जुना संसार याच्या दारात ओतला होता.

"काहून जी, इतकं मांगतलं होतं का तुमी?" वनमाला म्हणाली.

पांडुरंगानं पाटी उपटून फेकली. तरी दुसऱ्या दिवशी ट्रक हजर.

"बोर्ड निकालने से क्या होता है अंकल? सबको मालूम है," म्हणत ड्रायव्हरनं ट्रकचा मागचा डाला उघडलाही.

वसाहतीचा अध्यक्ष म्हणाला, "पाटी तुमचीच होती नं?" नीलेश फोनवर म्हणाला, "पापा, बोर्ड लगाने को किसने बोला था?" पुण्यात राहूनही पोराची मराठी सुधरली नव्हती, बापाला अक्कल शिकवायची हौस तेवढी वाढली होती.

शेवटी जेसीबी बोलावला.

"उठाना है, कि बराबर करना है?"

"उठाव रे बाबा!"

"उठाके डालूँ कहाँ? किसी ने बोर्ड लगाया है क्या?"

झालं. जेसीबीनं सगळं बराबर केलं. अंगण ताटासारखं सपाट झालं, फक्त ओसरीपेक्षा कमरभर उंच. सिमेंटचा उतार गाडला गेला, अर्धं फाटकही. घर खड्ड्यात. ओसरीतून वर यायला जेसीबीवाल्यानं जाता जाता मातीचा चढ दाबून दिला, तेवढीच त्याची दया.

"चला, मले वर घ्या," वनमाला म्हणाली.

पांडुरंगानं खुर्ची ढकलली. अर्ध्यावर थांबला, परत ढकलली. वर पोचेपर्यंत त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सपाटीवर तिची खुर्ची मात्र झरझर धावली. फाटकापर्यंत गेली, वळली, परत आली.

"कशाले तोंड पाडता? बेस झालं. जातानी तुमी ढकला, येतानी मी एकटी येईन."

त्यानं काही म्हणायच्या आत तिनं चाकं सोडली. खुर्ची खडखडत उतरली, ओसरीत शिरली, भिंतीला टेकून थांबली. पोरीसारखी हसत तिनं वर पाहून आरोळी दिली,

"अहो, पाहलं का? एकटी आली मी घरी!"

वर पांडुरंग छाती धरून जमिनीवर बसला होता. ओ द्यायला त्याच्यात दम उरला नव्हता.