केळुसकर आणि त्यांची संघटना

ठाकुर्लीतल्या आमच्या सोसायटीत केळुसकर लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी कमरेत वाकतात. लिफ्ट रिकामी असली तरी. ते तायक्वांदो शिकवतात, आणि या कोरियन विद्येत सरावाच्या जागेत पाऊल टाकण्याआधी वाकायचं असतं. लिफ्टचं काय, विचारलं तर म्हणतात, "संघटनेचा नियम आहे."

संघटना म्हणजे आमची स्थानिक तायक्वांदो संघटना. कुणाला कुठला पट्टा, परीक्षा कोण घेणार, हे ती ठरवते. केळुसकर सचिव. अध्यक्ष मी, मला लाथ मारता येत नाही, म्हणजे मी निःपक्षपाती, असं त्यांचं मत.

कार्यालय त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. क्लासच्या मुलांची सहल खडवलीला नदीवर नेऊ या, असं वहिनींनी सुचवलं तेव्हा उत्तर आलं, संघटनेला विचारावं लागेल.

"अहो, संघटना म्हणजे तुम्हीच ना?"

"मी सचिव. संघटना वेगळी."

पुढच्या सभेत सहलीचा ठराव त्यांनीच मांडला आणि त्यांनीच विरोध केला. मुलांना पोहता येत नव्हतं.

त्यांची मुलगी मृण्मयी काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला बसली, तेव्हा चहाच्या टपरीवर मी बोलून गेलो, "निकाल काय, घरातच लागणार." लोक हसले. वशिल्याची ती कुजबुज आजही कानावर येते, म्हणून हे लिहितोय.

केळुसकरांच्याही कानावर गेलं असावं. त्यांनी नवा नियम माझ्यापुढे सहीला ठेवला: नातलग परीक्षेला असेल, तर सचिवाने हॉलबाहेर थांबावं. परीक्षक पुण्याहून बोलावले. मी खाली मान घालून सही केली.

परीक्षेच्या दिवशी हॉलचं दार बंद झालं. आत परीक्षक कोरियन आकडे पुकारत होते, मृण्मयी एकेक चाल करत होती. मी पाणी प्यायला बाजूच्या दाराने बाहेर आलो. पॅसेजमध्ये केळुसकर, भिंतीकडे तोंड करून, प्रत्येक आकड्याला तीच चाल करत होते. तोच ठोसा, तीच लाथ. शर्ट घामाने चिंब. मी तसाच मागे फिरलो.

परीक्षा संपली. मृण्मयी बाहेर आली, मागोमाग मी.

"बाबा, शेवटची लाथ तुमची उशिरा पडली. आत आवाज आला मला."

केळुसकरांनी टाचा जुळवल्या. ते तिच्यापुढे कमरेत वाकले, काळा पट्टा असलेल्यासमोर वाकतात तितके खोल.

निकाल संघटनेने अजून जाहीर केला नव्हता.