बाकं, गाद्या आणि तटस्थ अध्यक्ष

"आई, बाबा, तुम्ही आत जाऊन बसा. मी पार्किंग शोधून येते," असं म्हणत अस्मिताने दोघांना राली शहराच्या डाउनटाउनमधल्या जुन्या चर्चसमोर उतरवलं. इथेच तिची चूक झाली. जिथे चार माणसं जमली आहेत, तिथे त्र्यंबकरावांना एकटं सोडायचं नसतं, हे ती अमेरिकेत राहून विसरली होती.

त्र्यंबकराव नाशिकच्या एका हाउसिंग सोसायटीचे बराच काळ अध्यक्ष होते. पाण्याच्या टाकीच्या वादावरून ते गेल्या निवडणुकीत पडले आणि माणूस एकदम गप्प झाला. मॉरिसव्हिलला लेकीकडे आल्यावरही दिवसभर खिडकीशी बसायचे आणि समोरच्या लॉनकडे बघत राहायचे. "यांना कुठेतरी जुन्या, शांत जागी घेऊन चल," असं शोभाताईंनी सुचवलं, म्हणून हे चर्च. आत रंगीत काचा होत्या, भक्कम जुनी लाकडी बाकं होती. शांतता मात्र नव्हती. प्रार्थना उरकली होती आणि सभासदांची सभा चालू होती.

दोघं मागच्या बाकावर टेकले. पुढे वॉल्टर नावाचे एक उंच आजोबा आणि डॉरिस नावाच्या ठेंगण्या आजी एकाच वेळी बोलत होते. बाकांवर गाद्या घालाव्यात की नाही, असा विषय होता. मधे उभ्या असलेल्या पास्टर रूथबाई आळीपाळीने दोघांना "प्लीज" म्हणत होत्या.

"अहो, बसा गप्प," शोभाताई कुजबुजल्या.

"बसलोच आहे."

"मग हात कशाला वर केलाय?"

त्र्यंबकरावांनी वर पाहिलं. हात खरोखरच वर होता. आता वर गेलाच आहे तर, म्हणून ते उठून उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "पॉइंट ऑफ ऑर्डर. सभेला अध्यक्ष दिसत नाही. अध्यक्ष नसला की चर्चा होत नाही, भांडण होतं."

सगळी पिकलेली डोकी मागे वळली.

"आपण कोण?" डॉरिसआजींनी विचारलं.

"व्हिजिटर. काचा बघायला आलोय."

"अध्यक्ष करायचा कुणाला?" पास्टरबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "मी झाले तर वॉल्टर म्हणतो मी डॉरिसची, आणि डॉरिस म्हणते मी वॉल्टरची. तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी नाशिकचा."

"म्हणजे कोणाच्याच नाही," पास्टरबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळल्यासारखा दिसला.

अस्मिता गाडी लावून आली, तेव्हा तिचे वडील पुढे टेबलापाशी बसून कॉफीच्या कपावर चमचा आपटत होते.

"आई, बाबा तिथे काय करतायत?"

"सभा घेतायत."

"कसली?"

"गाद्यांची."

"अगं, पण आपला काय संबंध, यार?"

"संबंध नाही म्हणूनच घेतलंय त्यांना."

त्र्यंबकरावांच्या पाठीचा कणा कित्येक महिन्यांनी ताठ झाला होता. त्यांनी एकेकाला बोलायला लावलं. वॉल्टर म्हणाले, की त्यांचे पणजोबा याच उघड्या लाकडावर बसले होते आणि त्यांनी कधी कुरकुर केली नाही. डॉरिसआजी म्हणाल्या, की पणजोबा चाळिशीतच गेले, त्यामुळे त्यांना तशी संधीच मिळाली नाही. पाठ दुखते म्हणून लोकांनी येणं सोडलं आहे, असंच चाललं तर बाकं तेवढी राहतील आणि बसणारं कुणी उरणार नाही. मतदान झालं. मतं समसमान पडली. आता निर्णय अध्यक्षांच्या हातात आला.

त्याबरोबर वॉल्टरनी 'पेकन पाय' या तिथल्या गोड पदार्थाचा एक भलामोठा तुकडा अध्यक्षांसमोर आणून ठेवला. डॉरिसआजींनी लगेच त्यांच्या पाठीमागे एक मऊ गादी सरकवली. त्र्यंबकरावांनी दोन्ही बाजूला सारलं. मग ते स्वतः उघड्या बाकावर बसून आले, तीच गादी बाकावर घालून बसून आले, आणि गंभीरपणे उभे राहिले.

"मी दोन्ही बाजू ऐकल्या. वादाचं मूळ गादी नाही. वादाचं मूळ बाक आहे. बाकच नसेल तर गादीचा प्रश्न येतो कुठे? सगळी बाकं काढून टाका आणि खाली सतरंज्या अंथरा. आपण मांडी घालून बसू."

"मांडी म्हणजे काय?" वॉल्टरनी विचारलं.

"दाखवतो," असं म्हणून त्र्यंबकराव वेदीसमोर फरशीवर बसले आणि त्यांनी ऐटीत मांडी घातली. अस्मिताने डोळे मिटून घेतले. मांडी झकास जमली होती. पण ती सोडवताना गुडघ्यांनी साथ सोडली. त्र्यंबकरावांनी एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला, आणि मग ते सहज बसल्यासारखा चेहरा करून बसून राहिले.

शेवटी वॉल्टरनी त्यांना एका दंडाला धरलं, डॉरिसआजींनी दुसऱ्या. दोघांनी मिळून अध्यक्षांना उभं केलं. उभं केल्यावर मात्र दंड सोडले नाहीत.

"डॉरिस," वॉल्टर त्र्यंबकरावांच्या डोक्यावरून म्हणाले, "हा माणूस आपली बाकं काढणार."

"ऐकलं मी."

"अध्यक्षांना पदावरून दूर करावं, असा मी ठराव मांडतो."

"माझं अनुमोदन."

त्र्यंबकरावांनी शर्ट नीट केला. नियम म्हणजे नियम. "अध्यक्षांना दूर करण्याचा ठराव. सूचक वॉल्टर, अनुमोदक डॉरिस. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

सगळे हात वर झाले. मागच्या बाकावर शोभाताईंचाही.

"ठराव एकमताने मंजूर," त्र्यंबकरावांनी जाहीर केलं आणि चमचा खाली ठेवला. हे पुन्हा बोलायला उठतील या धास्तीने सभेने त्याच दमात ठरवून टाकलं, की बाकं आहेत तिथेच राहतील, डावीकडच्या रांगेत गाद्या येतील आणि उजवीकडची उघडीच राहील.

तिघं गाडीपाशी आले. "बाबा, मनाला लावून घेऊ नका," अस्मिता दार उघडत म्हणाली, तेवढ्यात मागून पास्टरबाई धावत आल्या. त्यांना दम लागला होता.

"ते दोघं एका टेबलावर बसून पेकन पाय खातायत," त्या म्हणाल्या. "एकमेकांशी बोलतायत. म्हणजे तुम्हाला शिव्याच देतायत, पण अगदी एकमताने. मी इथे आल्यापासून असं कधी झालं नव्हतं."

"आनंद आहे," त्र्यंबकराव कोरडेपणाने म्हणाले.

"इथून जवळच आणखी एक जुनं चर्च आहे. घंटा किती वेळ वाजवायची, यावरून तिथे दोन तट पडलेत. मी आत्ताच त्यांच्या पास्टरना फोन केला. येत्या रविवारी तुम्हाला हाकलून द्यायला त्यांना फार आवडेल."

शोभाताई काही बोलणार, तोच त्र्यंबकराव पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

"अस्मिता," ते म्हणाले, "रविवारी गाडी मोकळी आहे ना गं?"